‘कुंकू’ पुन्हा पाहताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) तरुणपणी पाहिला, तेव्हा माझी सारी सहानुभूती शांता आपटे यांनी साकारलेल्या नीरेकडे होती. फसवून लावून दिलेला जरठ-कुमारी विवाह ठामपणे नाकारणारी ती मुलगी आजही तितकीच तेजस्वी वाटते. मात्र उतारवयात तोच चित्रपट पाहताना नजर वारंवार केशवराव दाते यांनी साकारलेल्या काकासाहेबांवर, म्हणजे नीरेच्या पतीवर, खिळते. आपण एका मुलीवर अन्याय केला आहे, हे त्या वृद्ध वकिलाला हळूहळू उमगत जाते आणि दाते ते शब्दांपेक्षा चेहऱ्यातून अधिक सांगतात. पार्श्वसंगीत टाळून केवळ नैसर्गिक आवाजांवर प्रसंग पेलण्याचे ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचे धाडस तर अनेकदा पाहिल्यावरच माझ्या ध्यानात आले, कारण पहिल्या वेळी प्रेक्षक कथेमागे धावत असतो. असे चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर, पुसट प्रतींतून पाहावे लागणे क्लेशदायक आहे. १९६४पासून पुण्यात कार्यरत असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ‘प्रभात’च्या चित्रपटांचे सुस्पष्ट प्रतींसह खेळ जिल्ह्याजिल्ह्यांतील नाट्यगृहांत नियमितपणे आयोजित करावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा