तुमची नात एकटी वाढत नाही

गावभाग, सांगली

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. चिऊचा खोकला पूर्ण बरा झाला असून आईने पाठवलेले मेतकूट ती रोज भातावर मागून घेते. बाबा, परवा फोनवर तुम्ही जे सुचवलेत त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, कारण चिऊ मांडीवर होती आणि हे बोलणे घाईत उरकण्यासारखे नव्हते. तिला वाईला तुमच्याजवळ ठेवावे, तिथल्याच शाळेत घालावे आणि आम्ही दोघांनी सुट्टीला येऊन तिला भेटावे, हे तुम्ही मायेपोटी म्हणालात. यांची नोकरी सोलापूरला, मी दिवसभर पतसंस्थेत आणि घरात तिसरे मोठे माणूस नाही. तेव्हा पोर परक्यांच्या हाती वाढते आहे, ही तुमची काळजी मला समजते. तरीही चिऊला इथेच वाढवावे असे मला मनापासून वाटते आणि ते का वाटते, हे तुम्हाला सविस्तर कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुम्ही सांगली पाहिलीत ती मार्केट यार्डातली. हळदीची पोती ट्रकमध्ये घालून तुम्ही यायचात, सौदा व्हायचा, आडत, हमाली आणि तोलाई कापून हातात हिशेबाची पट्टी पडली की मिळेल त्या गाडीने परत निघायचात. त्यामुळे इथे प्रत्येक गोष्ट तोलून दिली आणि घेतली जाते, असे तुमच्या मनात बसले असावे. मला या गावाची ओळख चिऊच्या निमित्ताने झाली आणि ती निराळ्या माणसांकडून झाली.

चिऊचा जन्म २०२१ च्या मे महिन्यातला. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, आईने डिंक आणि खारीक आणून ठेवली होती, पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणे अवघड करून टाकले. मिरजेच्या दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आले तेव्हा आई, तू जवळ नाहीस या एकाच गोष्टीने मला रडू येत होते. आमच्या घरमालकीण काकूंशी तोवर माझा संबंध भाड्यापुरता आणि पाण्याच्या वेळेपुरता होता. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातोंडावर पदर घट्ट गुंडाळून वर आल्या, न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसल्या आणि म्हणाल्या, "दे इकडं बाळाला. माझी चार नातवंडं या पायांवर न्हाली आहेत." कोपराने पाणी जोखून पाहणे, तेलाचा हात टाळूवरून मानेपर्यंत अलगद फिरवणे, अंघोळीनंतर मऊ दुपट्यात बाळाला हातांसकट गच्च बांधणे, हे सगळे तू शिकवायचीस ते मी त्यांच्याकडून शिकले. पुढे कितीतरी दिवस त्या रोज आल्या आणि एकदाही त्यांनी त्याचा मोबदला घेतला नाही.

त्याच दिवसांत आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचे, असा त्यांचा कामाचा नेम असतो. चिऊला झोळीच्या काट्यात घालून त्या वजन घेत आणि ते लिहून ठेवीत. काकूंनी एके दिवशी मोठ्या मायेने सहाण, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड असे बाळघुटीचे सगळे सामान आणले होते. आशाताईंनी त्यांच्याशेजारी बसून समजावले की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. काकू वयाने मोठ्या, चार नातवंडे वाढवलेल्या, त्यामुळे आता वाद होणार असे मला वाटले. पण त्यांनी क्षणभर विचार केला, सामान पुन्हा फडक्यात बांधले आणि "तुला शिकवलंय ते माझ्यापेक्षा नवं असणार," एवढेच म्हणाल्या. एका लेकराच्या भल्यासाठी दोन बायकांनी आपापला मान बाजूला ठेवावा, आणि ते लेकरू दोघींपैकी कोणाच्याही नात्याचे नसावे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई यांच्याविषयी लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही मोठ्या जबाबदारीची कामे आहेत आणि ती मानधनावर चालतात. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा आमच्या पतसंस्थेत काहीजण वैतागाने बोलले, परंतु मला त्यांचे म्हणणे योग्यच वाटले. त्यांच्या मायेचा लाभ आपण घ्यायचा आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न आला की माया हेच वेतन समजायचे, हे न्यायाचे नाही. संप मिटल्यावर ताई पहिल्याच दिवशी चिऊचे वजन घ्यायला विसरल्या नाहीत.

जन्मानंतर दोन महिन्यांनीच पूर आला. तेव्हा तुम्हाला फोनवर आम्ही विश्रामबागेत सुखरूप आहोत एवढे कळले होते, पण ज्यांच्या घरी होतो त्यांच्याविषयी सांगायचे राहून गेले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती, म्हणून गावभागातले जुने लोक आता आकड्याकडे लक्ष ठेवून असतात. "पाणी रस्त्यावर यायची वाट बघू नका, तान्हं बाळ आहे," असे म्हणत गल्लीतल्या तरुण मुलांनी आमचे सामान माळ्यावर चढवले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मला ताडपत्रीखाली बसवून बाहेर काढले. त्या मुलांपैकी एकाच्या ओळखीने विश्रामबागेत एका निवृत्त शिक्षक दांपत्याने आम्हाला दार उघडले. आमची त्यांची कसलीही ओळख नव्हती, आणि कोरोनाच्या दिवसांत साठी उलटलेल्या माणसांनी अनोळखी कुटुंबाला घरात घेणे किती धोक्याचे होते, ते तुम्ही जाणता. त्यांनी स्वतःची झोपायची खोली आम्हाला दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकले.

चिऊ तेव्हा रात्री फार रडायची. मला संकोच वाटून मी तिला घेऊन स्वयंपाकघरात दार लावून बसले, तर बाई उठून आल्या, माझ्यासाठी दूध गरम केले आणि म्हणाल्या की लेकरू रडते आहे म्हणजे घर नांदते आहे, दार लावू नकोस. २०१९ च्या पुरात त्यांच्या थोरल्या बहिणीचे घर बुडाले होते आणि आसपासच्या खेड्यांतून घरोघरी थापून आलेल्या भाकऱ्यांवर त्या कुटुंबाने दिवस काढले होते. त्या भाकऱ्या कोणी थापल्या ते आजवर कळले नाही, त्यामुळे परतफेड त्या माणसांना करता येत नाही, ज्याला गरज पडेल त्यालाच करावी लागते, असे सरांचे म्हणणे. आजही आम्ही संकष्टीला गणपतीच्या देवळात गेलो की चिऊ पुढे त्यांच्याकडे जायचा हट्ट धरते आणि त्यांना आजी-आजोबा म्हणते. हे वाचून आई, तुला वाईट वाटू नये. तुमची जागा कोणी घेतलेली नाही. तुमच्या जोडीला दोन माणसे अधिक मिळाली आहेत.

गेल्या उन्हाळ्यात वाईला येताना एसटीत घडलेले तुम्हाला अर्धेच ठाऊक आहे. आष्टा मागे पडल्यावर चिऊला उलटी झाली, तिचे कपडे, माझी साडी, शेजारच्या आजींचा पदर, सगळे खराब झाले. मी शरमून क्षमा मागू लागले, तर त्या आजी म्हणाल्या, "आगं लेकी, तू तिला धर, मी पुसती." त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याचा धुऊन घडी केलेला तुकडा काढला. सुनेच्या बाळंतपणासाठी कराडला चालल्या होत्या आणि येणाऱ्या नातवंडाच्या दुपट्यासाठी ते मऊ कापड त्यांनी जपून ठेवले होते. मी नको नको म्हणत असताना त्यांनी त्याचे दोन भाग केले, एकाने चिऊला पुसले आणि दुसरा तिच्या अंगाभोवती गुंडाळला. कंडक्टरने पेठ नाक्यावर गाडी थोडी जास्त थांबवून पाण्याची बाटली भरून आणली आणि त्याबद्दल गाडीत एकानेही कुरकुर केली नाही. त्या आजींचे गाव मी विचारले, पण नाव विचारायचे सुचले नाही. तो लुगड्याचा तुकडा चिऊच्या कपड्यांत आहे आणि ती अजून तो पांघरून झोपते.

रोजचे म्हणाल तर तिला अंगणवाडीतून आणणारे रिक्षावाले मामा आहेत. मार्चअखेरीस पतसंस्थेत हिशेब लांबला आणि काकूही नेमक्या गावाला गेलेल्या होत्या, तेव्हा मामांनी फोन करून सांगितले की मी तिला घेऊन तुमच्या पतसंस्थेच्या दारातच थांबतो, तुम्ही काम उरका. मी खाली आले तेव्हा ती मागच्या सीटवर बसून भडंग खात होती, आणि मामा रिक्षाबाहेर उभे राहून तिच्याशी बोलत होते. थांबल्याचे पैसे देऊ केले तर म्हणाले, "ताई, भाडं घेतो ते आणण्या-पोचवण्याचं. थांबण्याचं कसलं भाडं?"

बाबा, यावर तुम्ही म्हणाल की अनोळखी माणसावर असा विश्वास टाकू नये, दिवस चांगले नाहीत. तुमचे म्हणणे मी डोळ्यांआड केलेले नाही. मला न विचारता कोणाबरोबरही जायचे नाही, कोणी काही दिले तर आधी घरी सांगायचे आणि कोणी गप्प राहायला सांगितले तर तेच पहिल्यांदा येऊन सांगायचे, हे मी चिऊला रोजच्या बोलण्यातून शिकवते. मी स्वतःही एक खूण मनाशी धरली आहे. वर लिहिलेली सगळी मदत चारचौघांच्या देखत झालेली आहे: भरल्या गाडीत, उघड्या दारात, गल्लीतल्या सर्वांना ठाऊक असताना. जी मदत आडोसा शोधते तिच्यापासून मी चिऊला दूर ठेवते, आणि जी उजेडात येते तिला नाही म्हणत नाही.

तुम्ही आम्हा भावंडांना शिकवलेत की कोणाचे ओझे घेऊ नये, असेल त्यात भागवावे. त्या शिकवणीवर मी शिकले, नोकरी केली, कर्ज न काढता संसार मांडला. पण लेकरू झाल्यावर मला वाटू लागले की या एका बाबतीत ती शिकवण पुरी पडत नाही, आणि हे मला तुमच्याच घराकडे पाहून कळले. आई, तुझ्या माहेरी लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला असते तेव्हा तुम्ही दोघे दरवर्षी जाता. पिठले-भाकरी करता, ओसरीवर वारकऱ्यांना झोपायला जागा देता, बाबा स्वतः त्यांचे पाय चेपतात. ती माणसे कुठली, कोणाची, हे तुम्ही कधी विचारले नाही, आणि त्यांनी तुमची भाकरी खाल्ली म्हणून ती तुमच्या नजरेत कधी कमी झाली नाहीत. उलट ती जेवली यातच तुम्हाला समाधान वाटत आले. मग माझ्या दारी कोणी अशाच मनाने आले असता मी संकोचून दार का लावून घ्यावे? तुम्ही देताना जे समाधान मिळवता, ते काकूंना आणि त्या एसटीतल्या आजींना मिळू नये, असे तुम्हालाही वाटणार नाही.

आणि आम्ही नुसते घेत बसलो आहोत असेही नाही. काकूंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा थेंब घालायची वेळ मी सांभाळली आणि चिऊ त्यांना हात धरून जिन्यावरून आणत असे. रिक्षावाल्या मामांच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून दिला. ती आता संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला बसते, कारण त्यांच्या घरी जागा नाही. चिऊ तिच्या शेजारी पाटी घेऊन बसते. वाईला तिला माया कमी पडणार नाही, उलट जास्तच मिळेल, यात मला शंका नाही. पण इथे तिची जी माणसे झाली आहेत, ती तिने स्वतः बोलून, रुसून, हट्ट करून जोडली आहेत आणि आई-बापापासून दूर न जाता जोडली आहेत. ती या वयात तोडावीत असे मला वाटत नाही.

म्हणून माझी उलट विनंती आहे. ऊस तुटून गेला आणि हळदीच्या काढणीला अवकाश असला की तुम्ही दोघांनीच इथे येऊन महिनाभर राहावे. बाबांना ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि आईला महिला म्हणून एसटीचे तिकीट अर्धेच पडते, त्यामुळे खर्चाचे कारण काढू नये. येताना घरच्या हळदीच्या पुड्या जरा जास्त आणाव्यात. काकूंना, आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना आणि विश्रामबागेच्या सरांकडे द्यायच्या आहेत, आणि त्या बाबांनी आपल्या हाताने द्याव्यात अशी माझी इच्छा आहे. साताऱ्याहून कोणत्या गाडीने निघणार ते आदल्या दिवशी कळवा. मी कामावर असेन, पण रिक्षावाले मामा स्टँडवर येतील, आणि चिऊ त्यांच्याबरोबर असेल.

आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
लेक