काकूंच्या प्रवासाचा हिशेब

सोलापूर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू मुंबई ते न्यूयॉर्क हे १२,५०० किलोमीटर अंतर ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागलेस आणि काकूंना १४ तास बसावे लागेल असे सांगितलेस. भागाकार बरोबर आहे, पण काकूंना प्रत्यक्षात १६ तासांच्या आसपास बसावे लागेल, आणि त्यांचे वय पाहता हे दोन तास मला लहान वाटत नाहीत.

माझ्या पुतणीच्या पृथ्वीगोलावर मी मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून पाहिला. भिंतीवरच्या नकाशात सरळ पश्चिमेला वाटणारी ही वाट गोलावर उत्तरेकडे चढत नॉर्वे आणि आइसलंडवरून जाते. साडेबारा हजार किलोमीटर आहेत ते या दोऱ्याचे. विमान मात्र त्या दिवशीचा वारा आणि मोकळे आकाश पाहून वळते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हापासून त्यांना वळसा घ्यावा लागू लागला. त्यातच उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात अधिक प्रबळ होतो आणि तिकडे जाताना तो समोरून येतो. वाऱ्याचे बळ किती असते पाहा : २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ जवळजवळ दोन तासांनी वाचला. म्हणून तिकीट काढताना किलोमीटर पाहू नकोस, तास पाहा, आणि थेट विमानच घे.

मला खरी काळजी औषधांची आहे. गड्ड्याची यात्रा झाल्याखेरीज काकू निघणार नाहीत, म्हणजे प्रवास जानेवारीअखेरचा. समज, विमान पहाटे २ वाजता सुटले, तर १६ तासांनी इथे संध्याकाळचे ६ वाजलेले असतील आणि तुझ्याकडे सकाळचे साडेसात. वाटेत सूर्य मागेच राहील, त्यामुळे मुंबईत मावळलेला दिवस त्यांना थेट न्यूयॉर्कला उतरतानाच उगवलेला दिसेल. जवळजवळ २४ तासांची एकच रात्र! खिडकीबाहेर अंधार पाहून त्या साखरेची सकाळची गोळी घेणारच नाहीत, अशी मला धास्ती वाटते. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ तुझ्या घरी पोहोचेपर्यंत सोलापूरच्याच वेळेवर राहू दे. गोळ्यांच्या पुड्यांवर मी इथल्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून देतो.

सोलापूर ते मुंबई हे ४५५ किलोमीटर तू हिशेबात धरलेच नाहीस. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये त्याला अख्खी रात्र जाते, म्हणजे विमानाच्या निम्मा वेळ इथेच. गाडीतून उतरून त्याच रात्री विमानात बसवणे मला पटत नाही. दादरला ताईकडे त्या दोन दिवस राहतील, मी सोबत येईन. जागा मधल्या वाटेकडेची घे, दर दोन तासांनी उठून चालायला त्यांना सांगितले आहे. व्हीलचेअर मात्र तिकिटाबरोबरच मागून ठेव. काकू नको म्हणतील, पण त्यांचे ऐकू नकोस.

तारीख ठरली की लगेच कळव, गाडीचे आरक्षण मला वेळेत करायचे आहे.

तुझा,
सुधाकर