माळ्यावरची नायट्रो गाडी भंगारात देऊ नका, तशीच सुरूही करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे रिकामे होतात. गेल्या आठवड्यात इथे धुळ्यात एका भंगारवाल्याच्या काट्यावर मी एक गाडी पाहिली. लांबीला हातभर, चार जाड रबरी चाकं, वरची बॉडी फुटलेली, आणि मधोमध खरंखुरं इंजिन. रिमोटवर चालणारी नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी मॉन्स्टर ट्रक होती ती. कुकरचं झाकण आणि पोचे आलेली पातेली यांच्यासोबत ती तोलली जात होती. मी उचलून पाहिली. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या जड चकतीवर, पकडीचे दात उमटले होते. मागचं झाकण काढलं तर आत कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलेला आणि लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीवर, ओरखडे. म्हणजे जाम झालेलं इंजिन कोणीतरी पकडीने पिळलं, ते मोडलं, आणि मग गाडी भंगारात आली. धीराने ऊब दिली असती तर तेच इंजिन अंगठ्याने फिरलं असतं. हे पाहून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

आग्रा रोडला माझं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. ३३ वर्षं ते काम केलं. आपल्या भागातली बरीच मुलं शिक्षणाला, नोकरीला परदेशात गेली. येताना कोणी ना कोणी अशी गाडी घेऊन येतं, चार रविवार ती धावते, इंधन संपतं आणि गाडी माळ्यावर जाते. माझा भाचाही अमेरिकेतून अशीच एक वापरलेली गाडी घेऊन आला. ट्रॅक्सस कंपनीची टी-मॅक्स. हे मॉडेल १९९९ साली निघालं. इंजिन ०.१५ मापाचं, म्हणजे ०.१५ घनइंच, आपल्या हिशेबाने अडीच सीसीच्या आसपास. सात वर्षं ती पोत्यात बांधून पडली होती. मोठ्या शहरातल्या एका दुकानात भाच्याने ती दाखवली, तर ‘फेकून द्या, नवी इलेक्ट्रिक घ्या’ असं उत्तर मिळालं. माझी नात सातवीत आहे. ती आणि मी मागच्या अंगणात फळी टाकून बसलो. मी तिला म्हटलं, “यामा अजून जीव शे.”

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. डिझेल गाडीतल्या ग्लो प्लगशी त्याची गल्लत करू नये. त्यात प्लॅटिनम असलेल्या तारेची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या आसपासचा सेल लावून ती लाल करायची, इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची वाफ त्या प्लॅटिनमला लागते आणि रासायनिक क्रियेनेच तार तापलेली राहते. म्हणून या इंजिनाला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं त्याचं खास इंधन असतं. आमच्या गल्लीत एका मुलाने हौसेने पेट्रोल भरलं होतं. इंजिन चालू तर झालं नाहीच, पण दोरी ओढून ओढून कोरड्या लायनरवर पिस्टन मात्र घासला गेला. पेट्रोलने आतलं होतं नव्हतं ते तेल धुऊन काढलं होतं.

आता जाम का होतं ते सांगतो. इंधनातल्या तेलात बहुधा एरंडेल असतं. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला पूर्वी एरंडेलाचं वंगण घालायचे, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांनाही हेच तेल लागायचं. फार तापलं तरी ते धातूला धरून राहतं. पण गाडी टाकीत इंधन तसंच ठेवून माळ्यावर टाकली की मिथेनॉल उडून जातं, एरंडेल मागे उरतं आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची लाखेसारखी पिवळट खपली धरते. पिस्टन त्यात चिकटून बसतो. तो मोडलेला नसतो, चिकटलेला असतो.

आम्ही ग्लो प्लग काढून भोकातून पातळ तेलाचे थेंब सोडले, सुनेचा हेअर ड्रायर घेऊन हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोपीला, ऊब दिली आणि फ्लायव्हील फक्त अंगठ्याने दाबून पाहत राहिलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नातच ओरडली, “आबा, हालनं!” पाना नाही, पकड नाही, स्टार्टरची दोरी तर मुळीच नाही. हाताचा जोर रॉडला लागतो आणि तो बारीक रॉड वाकतो.

नंतर इंजिन खोललं. रबरी भाग बाजूला काढून बाकीचे भाग जुन्या पत्र्याच्या डब्यात गाडीच्या रेडिएटरचं कूलंट घालून मंद आचेवर ठेवले. उकळी येऊ दिली नाही. खपली सुटून पाण्यासारखी निघाली. कूलंट विषारी असतं, त्यामुळे हे काम अंगणात केलं, आणि तो डबा परत घरात आणला नाही.

इथे माझ्या जुन्या कामाचा उपयोग झाला. डिझेल पंपाचा प्लंजर (आतला दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यात रिंग नसते, नुसत्या घासून बसवलेल्या मापावर दाब धरला जातो. या छोट्या इंजिनातही पिस्टनला रिंग नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर पितळेचा, त्याला आतून क्रोमचा मुलामा, आणि लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता. थंड असताना पिस्टन वर गेला की तिथे अडकल्यासारखा वाटतो. ते जाम नव्हे, तीच त्याची तब्येत. गरम झाल्यावर लायनरचं वरचं टोक फुलतं आणि फिट बरोबर बसते. हे ठाऊक नसलेले लोक तिथे पॉलिश पेपर मारतात आणि चांगलं इंजिन कायमचं दाब सोडतं. थंड इंजिनात वर घट्टपणा लागत असेल तर आनंद माना, आयुष्य शिल्लक आहे.

क्रँकचं मागचं बेअरिंग मात्र गंजलं होतं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्याचा हा परिणाम. केसिंग तापवून फळीवर आपटलं तर बेअरिंग आपोआप बाहेर पडलं, ठोकावं लागलं नाही. चाकांची बेअरिंगं ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरची, मापावर मिळणारी. इंधनाच्या नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या. टाकी मात्र बदलली नाही. नळ्या बंद करून, फुंकर मारून बादलीत बुडवली, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी. झाकणाखालून बुडबुडे आले. एक ओ-रिंग (गोल रबरी कडं) टाकली, काम झालं. या टाकीत सायलेन्सरमधून दाब येतो. तिथे गळती असली की इंधन कमी पोचतं, इंजिन कोरडं धावतं आणि तापून जातं. लोक कार्बोरेटरच्या, इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुया फिरवत बसतात, दोष असतो झाकणात.

आता सुधारणांविषयी. जुना रेडिओ २७ मेगाहर्ट्झचा, क्रिस्टलवाला होता. त्यात दुसऱ्याचा सिग्नल शिरला की गाडी भरधाव सुटायची. चार-साडेचार किलोची गाडी पोराच्या नडगीवर आली तर हाड मोडेल. म्हणून पहिला खर्च तिथे केला. २.४ गिगाहर्ट्झचा सेट घेतला, सिग्नल तुटला की ब्रेक लागेल असा फेल-सेफ लावला, आणि बॅटरीच संपली तरी कार्बोरेटर बंद व्हावा म्हणून त्याला वेगळी स्प्रिंग जोडली. सुटे चार सेल धक्क्याने हलायचे, त्यांच्या जागी पाच सेलचा ६ व्होल्टचा पॅक बसवला. नवा सेट दोन चॅनेलचा, म्हणजे वळण आणि वेग एवढंच सांभाळणारा असल्याने रिव्हर्सला चॅनेल उरला नाही, गिअरबॉक्स फक्त पुढे जाणारा करून टाकला. नातीला ते आवडलं नाही. गाडी बांधाला अडली की आता चालत जाऊन काढावी लागते. पण रिव्हर्सची यंत्रणाच यात सगळ्यात नाजूक होती, आणि माझं मत अजूनही तेच आहे.

चाकांना चासीशी जोडणारे सगळे हात (सस्पेन्शन आर्म) ॲल्युमिनियमचे करा, असा सल्ला बरेच जण देतात. मी करणार नाही. नायलॉनचा हात वाकून धक्का खातो, ॲल्युमिनियमचा हात वाकला की वाकलेलाच राहतो किंवा धक्का पुढे चासीला देतो. नायलॉन कोरडं पडलं की ठिसूळ होतं, कारण त्याला थोडा ओलावा लागतो. आम्ही जुने हात पाण्यात उकळून घेतले, तेव्हापासून एकही तुटला नाही. आठही शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल बदललं. क्लचचा गिअर आणि मोठा गिअर यांच्यात किती फट हवी हे ठरवायला दोन्हींच्या मध्ये तुमच्याच वर्तमानपत्राची पट्टी घातली, स्क्रू आवळले आणि पट्टी फिरवून काढून घेतली. रेडिओ सोडून सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला.

आपल्या खान्देशच्या हवेसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली धूळ. काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी असते, ती गाळणीतून गेली की लायनर खाते. स्पंजचं फिल्टर तेलात भिजवून, पिळून लावायचं आणि दर वेळी धुवायचं. दुसरी गोष्ट हवामान. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश होतात, जानेवारीच्या पहाटे पारा १० च्या खाली जातो. गरम हवा विरळ असते, तिला इंधन कमी लागतं. थंड हवा दाट असते, तिला जास्त लागतं. मेमध्ये बसवलेल्या सुईवर जानेवारीत गाडी पळवली की इंजिन जळतं. थंडीत सुई अष्टमांश फेरा उघडायची आणि मागे निळसर धुराची रेघ दिसते की नाही ते बघायचं. हेडचं तापमान १०० ते १२५ अंशांच्या दरम्यान बरं. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंद चरचरला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर इंजिन बंद करा.

इंधनाबद्दल हात जोडून सांगतो, घरी मिसळायला जाऊ नका. मिथेनॉल विष आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच विषाच्या दारूने. कातडीतूनही ते अंगात भिनतं, आणि पेटलं तर उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. तयार सीलबंद बाटलीच घ्यावी, ती कुलपात ठेवावी, पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये, आणि भरताना मोठा माणूस जवळ असावा. आमच्याकडे बाटलीची किल्ली माझ्या जानव्याला असते. घरात एवढीशीही ढिलाई करायची नसेल तर गाडी शोभेला ठेवा, पण चालवू नका.

गाडी आम्ही रविवारी सकाळी देवपूरच्या पलीकडे, वस्तीपासून लांब, कपाशी उपटलेल्या रानात चालवतो. परत आल्यावर टाकी रिकामी करायची, इंजिनातलं उरलंसुरलं इंधन चालवून संपवायचं, प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडायचे आणि पिस्टन खाली आणून ठेवायचा. वर ठेवला तर त्या निमुळत्या जागेत बसून राहतो. पाच मिनिटांचं हे काम नात आता न सांगता करते.

तर या दिवाळीत माळ्यावर अशी गाडी सापडली तर ती आधी कोणा पंप मिस्त्रीला, मोटारसायकल मेकॅनिकला दाखवा. त्यांच्या हाताला ही मापं कळतात.

काट्यावरची ती गाडी मी वजनाच्या भावात घेऊन आलो. केसिंग, क्रँक, कार्बोरेटर चांगले आहेत. लायनर-पिस्टनचा जोड आणि कनेक्टिंग रॉड तेवढा हवा. ज्या वाचकाकडे ०.१५ चं बंद पडलेलं इंजिन असेल त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी येऊन घेऊन जाईन. रास्त किंमत देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त डिझेल पंप मिस्त्री,
धुळे