थंडीच्या सामानाची परीक्षा एका रात्रीत होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी सामानाच्या याद्या हल्ली कुठेही मिळतात. स्लीपिंग बॅग, मॅट, तंबू आणले, यादीवर खूण केली, की तयारी झाली असे धरले जाते. संयोजकांचे तंबू, स्वयंपाकी आणि खेचरे असलेल्या चार दिवसांच्या ट्रेकमध्ये हे खपून जाते. आठ-दहा दिवस सगळे पाठीवर घेऊन चालायचे असेल, तर हीच सवय अंगाशी येते.

हिमाचलमधल्या पिन-पार्वती खिंडीचाच मार्ग घेऊ. कुलूकडच्या बर्शैणीहून निघून खीरगंगा, ठाकूर कुआं, पांडू पूल, मानतलाई असे चढत ५,३१९ मीटरची खिंड ओलांडायची आणि स्पितीत मुद गावी उतरायचे. मोसम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे पार्वती खोऱ्यात ऐन पावसाळा. पहिले काही दिवस सगळे ओले होते आणि खरी थंडी त्यानंतर खिंडीजवळ गाठते. पिसांची बॅग कोरडी असताना कितीही उबदार असली, तरी चार ओल्या रात्रींनंतर तिच्यात किती ऊब उरली, यावर खिंडीखालची रात्र कशी जाणार ते ठरते. ती रात्र किती थंड असेल याचा ढोबळ अंदाज घरी बसून काढता येतो. दर हजार मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. बर्शैणी साधारण २,२०० मीटरवर. तिथे पहाटे १० अंश असतील आणि मुक्काम ४,९०० मीटरवर असेल, तर तिथे उणे ७-८ धरून चालावे. आकाश निरभ्र असेल तर त्याहून कमी.

आता बॅगेवरचे आकडे. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. समजा ते ०, उणे ६ आणि उणे २२ आहेत. यातला फक्त पहिला आकडा तुमच्या कामाचा. दुसरा अंग आखडून कशीबशी रात्र काढणाऱ्या पुरुषासाठी आहे. तिसरा काही तास जीव तगण्याची मर्यादा सांगतो, झोपेशी त्याचा संबंध नाही, आणि त्यातही हिमदंश होऊ शकतो. दुकानात पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘–१०’ या तिघांपैकी नेमका कोणता, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर तो एक्स्ट्रीम समजावा. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर काढलेले असतात. त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे असतात, डोक्यावरची टोपी आवळलेली असते आणि खाली चांगली जाड मॅट असते. आपल्याकडे मात्र सहा हजारांच्या बॅगेखाली दोनशे रुपयांची कॅरीमॅट अंथरली जाते.

मॅटकडे दुर्लक्ष होते याचे कारण ती दिसायला क्षुल्लक असते. अंगाखाली दाबली गेलेली बॅग जवळजवळ काहीच ऊब देत नाही, तिथे सगळी भिस्त मॅटवर असते. मॅट जमिनीची थंडी किती अडवते ते आर-व्हॅल्यूत मोजतात; आकडा जितका मोठा, तितकी मॅट उबदार. नेहमीची पातळ फोमची मॅट दीड-दोनच्या आसपास असते, बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर चारच्या वर हवी. दोन मॅट एकावर एक घातल्या, तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. म्हणून हवा भरायची मॅट आणि तिच्याखाली फोमची अशी जोडी उत्तम. वरची फुटली तरी खालची राहते.

महाराष्ट्रात उणे आठ अंश आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पण सामानातले बहुतेक दोष शून्याच्या वरच उघडे पडतात. शून्य अंश कम्फर्टच्या बॅगेत आठ अंशांना पातळ कपड्यांवर झोपले, तर उकडून चेन थोडी उघडावी लागली पाहिजे. जॅकेट चढवावे लागले, तर आकडा खोटा आहे, मॅट अपुरी आहे किंवा तुमचे शरीर त्या पुतळ्यापेक्षा थंड राहते. तिन्ही गोष्टी निघण्याआधी कळायला हव्यात.

आठ अंश मिळवायला गडावर जावेच लागते असे नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा उतारावरून ओघळून खोऱ्यात साचते आणि सखल शिवार डोंगरमाथ्यापेक्षा गार होते. गोदावरी-कादवाच्या खोऱ्यातल्या निफाडच्या नीचांकाच्या बातम्या दर हिवाळ्यात आपल्याच पानांवर येतात. द्राक्षबागा वाचवण्यासाठी तिथे पहाटे शेकोट्या पेटतात. महाबळेश्वरलाही वेण्णा तलावाकाठी दव गोठते, ते याच कारणाने. तेव्हा थंडीसाठी डिसेंबर-जानेवारीत शेतकऱ्याच्या परवानगीने मोकळे शिवार गाठावे, झाडाखाली नव्हे, उघड्या आकाशाखाली. वाऱ्यासाठी हरिश्चंद्रगडासारखा माथा निवडावा, पण कड्यापासून बराच आत, आणि मुक्कामाचे नियम वनविभागाकडे आधी विचारून. घराची गच्ची दोन्हींसाठी निरुपयोगी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खालून ऊब देत राहतो आणि मॅट उत्तम असल्याचा भास होतो. गच्चीचा उपयोग एकच, पाण्याची नळी घेऊन तंबूच्या शिवणी कुठे झिरपतात ते पाहणे.

चाचणी सलग तीन रात्रींची असावी, त्याहून कमी नको. बरोबर किमान-कमाल तापमान नोंदवणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. एक थर्मामीटर तंबूत मॅटच्या उंचीवर, दुसरा बाहेर सावलीत. पहिल्या संध्याकाळी बॅग पिशवीतून काढून दोन तास फुगू द्यावी, मग छाती, गुडघे आणि पाय अशा तीन ठिकाणी तिची जाडी मोजावी आणि वजन करावे. सकाळी उठल्याबरोबर पुन्हा वजन. शंभर ग्रॅम वाढले, तर शंभर मिलिलिटर पाणी आत शिरले, इतका सरळ हिशेब आहे. मग बॅग मुद्दाम न वाळवता तशीच कोंबून दिवसभर पाठीवर वागवावी आणि दुसऱ्या रात्री त्याच बॅगेत झोपावे. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती तासभर उन्हात पसरावी आणि किती वजन उतरले ते पाहावे. जेवणाच्या थांब्यात बॅग पुरेशी सुकते की नाही, हे या एका आकड्यावरून कळते. तिसऱ्या सकाळी जाडी पहिल्यापेक्षा ठळकपणे कमी दिसली, तर ती बॅग पावसाळी खोऱ्यातून खिंडीकडे नेण्याजोगी नाही. कृत्रिम धाग्याची बॅग जड आणि गठ्ठा मोठा, पण ओलीत ती कमी दगा देते. पिन-पार्वतीसाठी तिचा विचार कमीपणाचा मानू नये.

हे पाणी बहुतेक आपल्याच श्वासाचे आणि घामाचे असते. थंडी वाजते म्हणून नाक-तोंड बॅगेत घेतले, की सकाळी गळ्याजवळचा भाग चिंब होतो. माकडटोपी घालून नाक बाहेर ठेवावे. तंबूची झडप वारा टाळण्यासाठी पूर्ण बंद करण्याची चूक तर सर्रास होते. आऊटरच्या, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या कापडाच्या, आतल्या बाजूला पाणी धरते आणि बॅगेचे पायाकडचे टोक तिथे घासून भिजते. वरची आणि खालची हवेची वाट उघडी ठेवली, तर आतले तापमान दोन-एक अंशांनी उतरेल, पण बॅग कोरडी राहील. हा व्यवहार फायद्याचाच आहे. तंबूत स्टोव्ह पेटवून ऊब करण्याचा प्रयोग चाचणीतही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थंडी कुठून वाजली ते नीट नोंदवावे. कंबर, खांदा, टाचा गार पडल्या तर दोष मॅटचा. छाती आणि पायाची बोटे गार पडली तर बॅगेचा. मान गार पडली तर गळ्याची दोरी नीट आवळली गेलेली नाही. आणि एका रात्री एकच गोष्ट बदलावी. मॅटही बदलली आणि जॅकेटही घातले, तर उपाय कशाचा लागू पडला ते कळत नाही.

हवेची मॅट पहाटे मऊ लागली की ती फुटल्याची ओरड होते. पंचवीस अंशांची हवा भरून तापमान उणे पाचवर गेले, तर वायूच्या नियमानेच आकारमान दहा टक्क्यांनी घटते. झोपण्याआधी हवा गार झाल्यावर पुन्हा दोन फुंकर मारावेत. तरीही सकाळी ती सपाट झाली, तर मात्र ती पाण्यात बुडवून बुडबुडे शोधावेत.

तंबूच्या दांड्यांमधला इलॅस्टिक दोर गारठ्यात सैल पडतो आणि सांधे निसटतात. फायबरग्लासचे पोल थंडीत तडकतात. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. पोलचा एक तुकडा, बकल आणि हेडलॅम्प त्यात रात्रभर ठेवून सकाळी हातमोजे घालून वापरून पाहावा, फुकटची चाचणी आहे. तंबू मात्र अंधारात, वाऱ्यात, हातमोज्यांसह उभारता आला पाहिजे. सह्याद्रीच्या मुरमात वाकणाऱ्या तारेच्या खुंट्या बर्फात नुसत्या उपसून येतात. तिथे पिशवीत बर्फ भरून तिला दोर बांधायचा आणि ती आडवी पुरून वरचे बर्फ पायाने दाबायचे. ही गाठ नदीच्या वाळूत आधी घोटून घ्यावी.

ओलीची चाचणी जूनच्या पहिल्या पावसात, त्याच बॅगेने, आणखी एकदा व्हावी. जुलैत निघणाऱ्याला दुरुस्तीसाठी मग जेमतेम वेळ उरतो, म्हणून खरेदी थंडीआधीच झालेली बरी.

शेवटी दोन सूचना. पुण्या-मुंबईत आणि नाशकात बॅगा भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक बॅगेला कम्फर्टचा आकडा, पिसे की कृत्रिम धागा, आणि शेवटची धुलाई कधी झाली, एवढे लिहिलेली चिठ्ठी जोडावी. मोसमभर कोंबून ठेवलेली बॅग नव्या बॅगेच्या आकड्यावर भाड्याने देणे ही फसवणूक आहे. घेणाऱ्यानेही दुकानातच ती उजेडासमोर धरून पाहावी. जिथून उजेड आरपार येतो, तिथून थंडीही येणार. आणि ट्रेकिंग संस्थांनी मोठ्या मोहिमेच्या सरावात चढाईइतकेच महत्त्व या तीन रात्रींना द्यावे. जानेवारीत एखाद्या शिवारात सामुदायिक मुक्काम ठेवला, तर काटा आणि थर्मामीटर सगळ्यांना मिळून एकच संच पुरेल, आणि एकाची मॅट दुसऱ्याच्या बॅगेखाली घालून दोष नेमका कशात आहे हेही तिथल्या तिथे तपासता येईल.

आपला,
एक ट्रेकर वाचक, पुणे