सोलापूरच्या रंगारी काकांना, मनापासून

काका, नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू पाठवलं होतं, तुमचे जोडलेले हात आले आणि तुमच्याकडून विषय संपला, पण माझ्या मनातून तो काही केल्या जाईना म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. डाईंगमध्ये तुमची उभी हयात गेली, तुमच्या लेखी ते रोजचंच काम. माझ्यासाठी ती आईची चंद्रकळा होती, तिची काळी साडी, जिचा सुटणारा रंग तुम्ही आवरलात.

आई वर्षातून एकदा, संक्रांतीला ती नेसायची, त्यामुळे साडी पाण्यात फारशी पडलेलीच नाही. भाचीला बाळ होणार म्हटल्यावर ठरवलं, आईची चंद्रकळा आणि बाबांचं पांढरंशुभ्र धोतर मिळून गोधडी शिवायची, पणजी-पणजोबा दोघंही बाळाच्या अंगावर. पण काळ्याशेजारी पांढरं म्हणजे जीव मुठीत धरूनच काम, कारण त्याआधीच्या गोधडीत काय झालं ते मी बघितलं होतं. एका मोठ्या दुकानातून गडद निळं कापड घेतलं होतं, "पक्का रंग, गॅरंटी आमची" असं छातीठोकपणे सांगून दिलेलं, आणि पहिल्याच धुण्यात आत्याच्या पांढऱ्या लुगड्याचे सगळे तुकडे निळसर झाले. तक्रार घेऊन गेले तर मालकाने मोबाईलमधून मान वर केली नाही. "हँडलूम आहे मॅडम, थोडा रंग जाणारच." अहो मग गॅरंटी कसली दिलीत? आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे मिठाच्या पाण्यात भिजव, कोणी म्हणे व्हिनेगर, कोणी तुरटी, फी भरून गेलेल्या वर्कशॉपमध्येही तेच. आणि एका लॉन्ड्रीवाल्याने तर चंद्रकळा हातात घेतल्या घेतल्या कात्री उचलली, "जरा तुकडा कापून टेस्ट करतो" म्हणून, तेही काठापाशी! मी साडी ओढूनच घेतली त्याच्या हातातून.

नणंदेच्या ओळखीने तुमच्याकडे आले तेव्हा खरं सांगते, आशा सोडूनच आले होते. पूर्व भागातल्या त्या गल्लीत तुमची जेवायची वेळ झालेली, डबा उघडा होता, तो बाजूला सारलात, नळावर साबणाने हात धुतलेत आणि मगच साडीला हात लावलात. विचारलंत, "आईची काय?" मी नुसती मान हलवली. मग नेसल्यावर आत खोचलं जातं ते टोक शोधलंत, उलटी बाजू वर घेतलीत, खिशातला स्वतःचा धुतलेला पांढरा रुमाल काढलात, तांब्यातल्या पाण्यात भिजवून त्या टोकावर ठेवलात आणि वरून तळहात दाबून तसेच बसून राहिलात. उचललात तर रुमालावर काळा डाग. "बघा ताई, रंग सुटतोय. ह्याला कापायचं कशाला?" एवढंच बोललात आणि तो खराब झालेला रुमाल घडी घालून परत खिशात. काका, त्या क्षणी मला रडू आलं होतं, तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याबद्दलही आभार.

आणि तुम्ही समजावून सांगितलंत, जे आजवर कोणी केलं नव्हतं. की मीठ रंगाच्या हौदात घालतात ते रंग सुतावर चढावा म्हणून, चढलेला रंग त्याने पक्का होत नाही. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगाला चालतं, सुताला त्याचा उपयोग नाही. तुरटी झाडपाल्याच्या रंगांची, मंजिष्ठा वगैरे. आमची चंद्रकळा बहुतेक डायरेक्ट रंगातली, तो सुतात नुसता बसलेला असतो, घट्ट धरलेला नसतो, म्हणून तिला फिक्सर, म्हणजे रंग सुतात धरून ठेवणारं रसायन, आणि तोही तुकडे शिवायच्या आधी, कारण पांढऱ्यावर एकदा डाग पडल्यावर फिक्सर घातला तर डागही तिथेच पक्का होतो. माझ्या त्या निळ्या कापडाचंही कोडं तिथेच सुटलं. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताला पक्का धरतो, पण जो धरला जात नाही तो कडक गरम पाण्याने धुऊन काढावा लागतो आणि तिथे पाणी-इंधन वाचवलं की तो रंग आपल्या बादलीत येतो.

साडीला फिक्सर देऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, "गॅरंटी देत नाही हां, गार पाण्यातच धुवा आणि ओली घडी ठेवू नका." ज्यांना काही येत नव्हतं ते गॅरंटी देत होते आणि ज्याला सगळं येतं तो माणूस नाही देत. अशी सरळ माणसं आहेत अजून, ओळख ना पाळख, समोरच्याचं जुनेरं आपल्या घरचं असल्यासारखं हाताळणारी, आणि त्यांच्यावरच आपलं किती काय निभावून जातं.

गोधडी झाली काका. बारीक धावदोरा घातलाय, भरपूर पाण्यात धुतली, लगेच पसरून वाळवली. धोतर पांढरंच्या पांढरं आहे, काळ्याच्या अगदी शिवणीला लागून असलेलं सुद्धा. भाचीने फोटो मागितलाय, तुम्हालाही पाठवते.

आता बहिणीलाही एक हवीये, तिच्या सासूबाईंच्या जांभळ्या इरकलीची. घेऊन येतेय पुढच्या महिन्यात, तेव्हा फिक्सरचे पैसे तरी घ्या, आणि तुमच्यासाठी नवे रुमाल आणतेय, ते नाही म्हणायचं नाही.

तुमची,
पुण्याची ताई