गीझरमध्ये जळणारे डिझेल

महोदय,

लक्षद्वीपच्या सौरऊर्जेची चर्चा पॅनेल आणि बॅटऱ्यांवरच थांबते. छपरावरच्या साध्या सौर बंबाकडे कोणी बघत नाही. तिथली बरीचशी वीज डिझेल जनरेटरवर होते आणि ते डिझेल शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून येते. विहिरीचे पाणी २७-२८ अंशांचे धरले, तरी १०० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला गीझर जवळपास दीड युनिट वीज खातो. म्हणजे साधारण अर्धा लिटर डिझेल, निव्वळ आंघोळीसाठी!

मुळातच पाणी कोमट, त्यामुळे तिथे छोटा बंबही पुरेल. गरम पाणी आपोआप वर चढते, पंपही लागत नाही. अडचण वेगळीच आहे. प्रवाळ बेटांवरचे पाणी जड, अनेक ठिकाणी मचूळही. नळ्यांत क्षार धरतो, टाकी गंजते. खारा वारा लोखंडी स्टँड पोखरतो तो निराळाच. काचेची एक नळी फुटली तर नवी जहाजाने यायची, आणि ऐन पावसाळ्यात जहाजांचा भरवसा नसतो. तेव्हा अनुदान द्यायचेच तर ज्याच्या नळ्यांत साठवलेले पावसाचे पाणीच फिरत राहील आणि टाकीतल्या पाण्याला बाहेरून उष्णता देईल, अशा बंबाला द्यावे. सुट्या भागांचा साठा आणि दुरुस्ती जाणणारा माणूस मात्र बेटावरच हवा. नाहीतर वर्षभरात तो बंब शोभेचा!

आषाढात ऊन नसेल तेव्हा चूल आहेच, नारळाच्या सोडणांना तिथे काय तोटा?

– एक वाचक, रत्नागिरी