टॅकल शिका, पण डोकं बाजूला ठेवून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या क्रीडा पुरवणीत अमेरिकन फुटबॉलमधल्या लाइनबॅकरची ओळख करून देणारा लेख आला. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या ईर्ष्येत वाढलेल्या आपल्या कोल्हापूरला दुसऱ्या जातीच्या फुटबॉलची माहिती होते आहे, हे चांगलंच झालं. पण लेखात दंडाचा घेर, पगाराचे आकडे आणि ‘धडक’ यापलीकडे फारसं काही नव्हतं. सोबत फोटो होता तो हेल्मेटवर हेल्मेट आदळतानाचा. डोकं खाली घालून हेल्मेटने धडकायला एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, २०१८ पासून मनाई आहे आणि त्याला १५ यार्डांचा दंड बसतो. इकडे मात्र संध्याकाळी टर्फवर मोबाइलमधल्या क्लिपा बघून पोरं नेमकं तेच करतायत, तेही उघड्या डोक्याने. म्हणून हे पत्र.

लाइनबॅकर उभा कुठे राहतो, इथूनच सुरुवात करू. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. बचावातल्या अकरांपैकी तीन-चार दांडगे गडी चेंडूसमोर वाकून बसतात, त्यांच्यामागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर आणि त्याच्याही मागे चपळ बॅक. चेंडू घेऊन कुणी पळत आला तर लाइनबॅकरने त्याला धरून पाडायचं, यालाच टॅकल म्हणतात. पास असेल तर दहा-बारा यार्ड मागे सरकून पासची वाट अडवायची. तसा डाव ठरला असेल तर थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्या गड्यावर, धावून जायचं. तिन्ही कामं एकाच माणसाची, आणि यातलं कोणतं करायचं याचा निर्णय चेंडू हलल्यापासून सेकंदाच्या आत.

हा निर्णय तो चेंडू बघून घेत नाही. नवख्याची पहिली चूक तीच. त्याची नजर असते समोरच्या गार्डवर, म्हणजे चेंडू देणाऱ्या सेंटरच्या शेजारच्या गड्यावर. गार्डचं हेल्मेट खालीच राहून पुढे आलं तर चेंडू पळवणार. हेल्मेट वर उचललं गेलं आणि गार्ड मागे बसला, तर पास. गार्ड स्वतःची जागा सोडून आडवा पळाला, तर चेंडूही त्याच बाजूला जाणार, म्हणून लाइनबॅकरनेही तिकडेच सुटायचं. पुढच्या संघाला हे सगळं ठाऊक असतं, त्यामुळे ते हूल देतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या, पोटाशी नेतो, गार्ड मुद्दाम खाली राहून पुढे येतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे टाकतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत पडतो. ती दोन पावलं भरून काढता येत नाहीत. म्हणून आठवडाभर समोरच्या संघाच्या चित्रफिती बघायच्या असतात. तिसऱ्या प्रयत्नात सात यार्ड हवे असताना ते काय करतात, गार्ड वजन बोटांवर टाकून बसतो की टाचेवर, असली बारीक टिपणं काढायची. मधल्या लाइनबॅकरच्या हेल्मेटवर बहुतेकदा हिरवा ठिपका दिसतो. त्याच्या कानाशी रेडिओ असतो, बचावाचा डाव प्रशिक्षक त्याला सांगतो आणि तो बाकीच्या दहा जणांना ओरडून कळवतो. एनएफएलने बचावाला ही सोय २००८ पासून दिली. चेंडू खेळात आणायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद. त्यानंतर जे काही बदलायचं ते त्याच्याच अकलेवर.

हे काम आडदांड देहावर चालत नाही, याचा पुरावा हवा असेल तर सॅम मिल्सची कारकीर्द बघावी. पगाराच्या आकड्यांऐवजी आपल्या लेखात हीच कहाणी यायला हवी होती, असं आमचं स्पष्ट मत आहे. मिल्सचा जन्म १९५९ चा, न्यू जर्सीतला. उंची पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे ही चारचौघांसारखी उंची, पण लाइनबॅकर म्हणून तिकडे त्याला बुटकाच ठरवलं गेलं. मॉन्टक्लेअर स्टेट हे त्याचं कॉलेज तिसऱ्या श्रेणीत खेळणारं. १९८१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, बारा फेऱ्या झाल्या, त्यात एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. क्लीव्हलँडने शिबिराला बोलावून परत पाठवलं, कॅनडातल्या टोरंटो संघानेही तेच केलं. मग त्याने न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलात सुतारकाम आणि छायाचित्रण शिकवायला सुरुवात केली.

१९८३ मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली आणि फिलाडेल्फिया स्टार्सने त्याला घेतलं. प्रशिक्षक जिम मोरा. तीन हंगामांत दोन विजेतेपदं मिळाली, १९८४ आणि १९८५ ची. मोरा १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले, तेव्हा मिल्सलाही सोबत घेऊन गेले. तोवर सेंट्सने एकाही हंगामात हरलेल्यापेक्षा जास्त सामने जिंकले नव्हते. १९८७ मध्ये ते पहिल्यांदा जमलं. रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स ही तिथली लाइनबॅकरांची चौकडी आजही नावाजली जाते. १९९२ च्या हंगामासाठी चौघेही प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडले गेले. १९९५ मध्ये कॅरोलायना पँथर्स हा संघ नव्याने उभा राहिला आणि मिल्स तिकडे गेला. वय ३६. त्या संघाला पहिला विजय मिळाला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध. त्या सामन्यात क्वार्टरबॅकने जवळच्या जवळ टाकलेला चेंडू मिल्सने मधल्या मध्ये पकडला आणि ३६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या रेघेपार नेऊन गुण मिळवले. ही कमाई पायातल्या वेगाची कमी आणि आधी ओळखण्याची जास्त. १९९७ नंतर तो निवृत्त झाला आणि त्याच संघाच्या लाइनबॅकरांना शिकवू लागला. २००३ मध्ये आतड्याचा कर्करोग निघाला, तरी उपचार घेत घेत त्याने शिकवणं चालू ठेवलं. एप्रिल २००५ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं ते २०२२ ला. इतका उशीर का, हे तिकडच्या निवडकर्त्यांनाच विचारायला हवं.

उंची कमी असण्याचा त्याला एक फायदाही होता. वाट मोकळी करायला अंगावर येणाऱ्या गड्याच्या (ब्लॉकरच्या) छातीखाली तो आपोआप शिरायचा. ज्याचा खांदा खाली त्याचा जोर वर, हे खासबागेच्या मैदानात कुस्ती बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बाल्टिमोरचा रे लुईस तर फ्लोरिडात शाळेत असताना राज्य विजेता पैलवान होता. पुढे तो १७ हंगाम लाइनबॅकर म्हणून खेळला. चांगला टॅकल आणि कुस्तीतला दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव, यांची मांडणी जवळपास एकच आहे. पायऱ्या अशा:

धावत जाताना शेवटच्या तीन-चार यार्डांत पावलं आखूड करायची. लांब पावलात समोरचा बगल देऊन निघून जातो. गुडघे आणि कंबर वाकवायची, पाठ सपाट, मान वर. नजर पळणाऱ्याच्या जवळच्या कमरेवर. खांदे आणि डोळे हूल देतात, कंबर देत नाही. ज्या खांद्याने धरायचं त्याच बाजूचा पाय समोरच्याच्या शक्य तितका जवळ टाकायचा. इथे पोरं हमखास चुकतात. पाय दूर राहिला की माणूस हवेत झेपावतो आणि डोकं आपोआप खाली जातं. मग खांदा मांडी-कमरेच्या मध्ये, गाल त्याच्या अंगाला बाहेरून घासून आणि डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला राहिलं तर त्याचा गुडघा तोंडावर बसतो. दोन्ही हात मागून गुंफून घट्ट आवळायचे आणि पाय थांबवायचे नाहीत, आणखी चार-पाच पावलं चालवत न्यायचं. नुसत्या हाताने ओढलं की टॅकल सुटतो, मागून कॉलर धरून खेचलं की समोरच्याचा गुडघा किंवा घोटा जातो. कॉलर धरायला एनएफएलमध्ये २००५ पासून बंदी आहे. मागून धरून, कंबर फिरवून स्वतःचं वजन त्याच्या पायांवर टाकायलाही २०२४ पासून बंदी आहे.

डोकं खाली घातल्यावर काय होतं, हे उलगडून सांगायला हवं. मानेला नैसर्गिक कमान असते आणि ती स्नायूंच्या मदतीने धक्का जिरवते. डोकं साधारण ३० अंश खाली गेलं की ती कमान सरळ होते आणि माथ्यावर बसलेला धक्का थेट मणक्यांच्या रांगेत उतरतो. डोकं थांबलेलं, धड मात्र पुढे येतच असतं, आणि मधली मान चेमटते. ४ डिसेंबर २०१७ ला सिनसिनाटीविरुद्ध पिट्सबर्गचा लाइनबॅकर रायन शझियर असाच डोकं खाली घालून धडकला आणि जागेवर कोसळला. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. २५ वर्षांचा गडी, पुढे मेहनतीने चालू लागला, पण पुन्हा सामना खेळला नाही.

मेंदूचं दुखणं याहून छुपं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा थांबवू शकत नाही. वीस हंगाम खेळलेला ज्युनियर सेऊ २०१२ मध्ये ४३ व्या वर्षी आत्महत्या करून गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा आजार निघाला. वर्षानुवर्षं बसलेल्या लहानमोठ्या धक्क्यांशी हा आजार जोडला जातो, आणि त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीतच होतं. मिल्सच्याच पँथर्सचा ल्यूक कीक्ली हा डाव आधीच ओळखण्यात तरबेज. आठ हंगामांत सात वेळा प्रो बोल. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याच्या मेंदूला मार बसला. जानेवारी २०२० मध्ये, २८ व्या वर्षी त्याने खेळ सोडला. असा निर्णय घ्यायलाही छाती लागते, आणि लेखात अशा छातीचा उल्लेख असता तर बरं झालं असतं. एनएफएलने २०२२ च्या सराव शिबिरापासून लाइनबॅकर आणि लाइनमन (चेंडूसमोर वाकून बसणारे गडी) यांना हेल्मेटवर मऊ टोपी सक्तीची केली, ती उगाच नाही.

आता आपल्या गावाचं. टॅकल शिकायचाच असेल तर टर्फवर नको. टर्फखाली बहुतेक ठिकाणी कडक थर असतो. तालमीची लाल माती किंवा कुस्तीची मॅट बरी. पहिले काही दिवस दोघांनीही गुडघ्यावर बसून फक्त खांदा आणि डोक्याची जागा पक्की करावी, मग चालत, मग हलक्या धावेत. पूर्ण वेगाचा टॅकल जोडीदारावर न करता जाड गादीवर किंवा घरंगळत सोडलेल्या मोठ्या ट्यूबवर करावा. वजनात फार फरक असलेल्या जोड्या लावू नयेत. उजव्या खांद्याने जितके, तितकेच डाव्याने, नाहीतर सामन्यात उलट्या बाजूला डोकं चुकीच्या जागी जातं.

मार लागल्यावर आपल्याकडे तोंडावर पाणी मारतात, मान मोडून देतात आणि पोराला परत मैदानात ढकलतात. यातलं मान मोडणं सगळ्यात घातक. मान दुखते म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा बळ गेलं, तर त्याला उठवू नये. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ ला फोन करावा. डोक्याला लागून तो गोंधळला, तोल गेला, प्रकाश सहन होईना किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर त्या दिवसाचा खेळ संपला, सामना कितीही ईर्ष्येचा असो. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं काहीही असेल तर थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग पळणं, मग अंगाला न भिडता सराव, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच भिडायचा सराव. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर एक पायरी मागे.

टॅकल नसलेला प्रकारही आहे, आणि पोरांनी तोच आधी धरावा असं आम्हाला वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही प्रवेश मिळाला. पाच-पाच जणांचा खेळ, मैदान ५० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद, शिवाय दोन्ही टोकांना गुण मिळवायच्या जागेसाठी दहा-दहा यार्ड. शाळेच्या मोठ्या पटांगणात मावेल एवढंच. चेंडू घेतलेल्या गड्याच्या कमरेच्या पट्ट्याला लोंबणारी फीत ओढली की त्याला पाडला असं धरतात आणि खेळ तिथेच थांबतो. लाइनबॅकरची नजर, आखूड पावलं आणि कमरेवरचं लक्ष इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याने चेंडूपासून सात यार्ड मागून सुटायचं असतं. सराव सुरू करण्याआधी ती रेघ फक्कीने आखून घ्यावी. अंदाजाने उभा राहिलेला गडी नेहमी पाचावरच येऊन थांबतो.

आपले,
शारीरिक शिक्षण शिक्षक व फुटबॉल प्रशिक्षक,
शिवाजी पेठ व मंगळवार पेठ, कोल्हापूर